प्लग ओढून पाहू

"चौसष्ट कोअर, ताई! चौसष्ट!" विक्रेत्याने माहितीपत्रक टेबलावर असं सरकवलं, जणू घरच्या मुलाचं प्रगतिपुस्तकच दाखवतोय.

ताईंनी चष्मा कपाळावर चढवला. "भाऊ, सुईत दोरा ओवायला चौसष्ट माणसं लावली, तर तो लवकर ओवला जातो का?"

मोठे डॉक्टर हसले. रुग्णालयाचे प्रमुख तेच. नव्या डेटाबेस सर्व्हरच्या कागदावर सही त्यांची, पण निवड ताईंची. बावीस वर्षं रुग्णालयाच्या सगळ्या नोंदी ताईंनीच सांभाळल्या होत्या. एरवी त्या नुसत्या 'ताई'. काही अडलं की 'अहो ताई, जरा येता का?'

तीन आठवडे त्या जुन्या सर्व्हरची नाडी बघत होत्या. त्याच्या प्रोसेसरमधल्या सोळा कोअरपैकी, म्हणजे स्वतंत्रपणे काम करणाऱ्या भागांपैकी, चार-पाचच राबत, बाकीचे हातावर हात ठेवून बसलेले. रक्तपेढीने एखादी पिशवी शोधली की ते काम एकच कोअर करी, आणि तोही डिस्ककडून माहिती येईपर्यंत ताटकळे.

"म्हणून प्रोसेसर सोळा कोअरचाच, पण एकेक कोअर चपळ हवा. मेमरी चौपट, म्हणजे सगळा डेटा तिच्यातच मावेल. आणि डिस्क..." ताई थांबल्या.

सहा वर्षांपूर्वी डिस्क त्यांनीच निवडली होती, वेगाच्या आकड्याला भुलून. एका सकाळी वीज गेली, बॅटरीनेही दगा दिला. डिस्क 'लिहिलं' म्हणाली होती, पण लिहिलं नव्हतं. रक्ताच्या पिशव्यांच्या एकेचाळीस नोंदी गेल्या. एक पिशवी तर भलत्याच रुग्णाच्या नावावर निघाली होती. रक्तपेढीतल्या सिस्टरनी चिठ्ठी दुसऱ्यांदा वाचली, म्हणून ती वाटेतूनच परत आली. ताईंना कुणी बोल लावला नाही. लावला असता तर बरं, असं त्यांना कितीदा वाटलं होतं.

"आमची डिस्क तुमच्या जुनीपेक्षा वेगवान आहे," विक्रेता म्हणाला.

"असेल. तुमचं चौसष्ट कोअरवालं आणि मी म्हणते तसं सोळावालं, दोन्ही मशीन इथे आणा. काम चालू असताना प्लग ओढून पाहू."

"चालू मशीनचा प्लग?"

"ताई, मशीन घ्यायचंय, मारायचं नाही," डॉक्टर म्हणाले.

"मरायचं असेल तर आत्ता मरू दे, डॉक्टर. तेव्हा सिस्टर होत्या म्हणून वाचलो. दर वेळी त्यांच्या डोळ्यांवर किती भार टाकायचा?"

डॉक्टर विक्रेत्याकडे वळले. मग म्हणाले, "आणा हो दोन्ही."

गुरुवारी दुपारी जेवणं उरकल्यावर सगळे जमले. दोन्ही मशीनमध्ये खोट्या नोंदी भरल्या होत्या. सिस्टर एकेका पिशवीची नवी नोंद करत. पडद्यावर 'नोंद झाली' आलं की कागदावर रेघ मारत. मध्येच, कुणालाही न सांगता, ताईंनी चौसष्ट कोअरवाल्याचा प्लग खेचला. पंख्यांची घरघर थांबली.

मशीन पुन्हा सुरू झालं. कागदावर रेघा अठ्ठ्याऐंशी, आत नव्या नोंदी पंच्याऐंशी.

विक्रेत्याने स्वतः पुन्हा मोजलं. "हे मलाच माहीत नव्हतं," तो हळूच म्हणाला.

"मलाही नव्हतं, तेव्हा," ताई म्हणाल्या.

दुसऱ्या मशीनची डिस्क जरा मंद होती, पण वीज गेल्यावरही हातातलं काम पुरं करण्याइतकी शक्ती तिने जवळ राखलेली असे. ताईंनी त्या मशीनचा प्लग सहादा ओढला. दर खेपेला रेघा आणि नोंदी बरोबर जुळल्या. सहाव्या खेपेला सिस्टरनीच पेन खाली ठेवलं. "पुरे आता, ताई. बिचाऱ्याला किती छळाल?"

ताई हसायला गेल्या आणि डोळ्यांत पाणीच आलं. डॉक्टरांनी तिकडे न बघता कागद ओढला. "सोळा कोअर ना? सांगा, कुठे सही करू?"

नवा सर्व्हर बसून महिना झाला असेल. बॅटऱ्या बदलायला काढल्या होत्या आणि भर सकाळी ताईंच्या मजल्यावरची वीज गेली. ताई जागच्या उठल्या. सर्व्हरच्या खोलीत पोहोचेपर्यंत वीज परतली होती. मशीन उठलं. त्यांनी सकाळच्या नोंदी एकेक करून तपासल्या. एकही हललेली नव्हती. मग त्या भिंतीला टेकून, एक मोठा श्वास सोडून, नुसत्याच उभ्या राहिल्या.

फोन वाजला. रक्तपेढीतून सिस्टर बोलत होत्या.

"ताई, मघाशी पडदा जरा अडकला होता. काही झालं होतं का हो?"

"नाही, काही नाही."

"बरं बरं. सहज विचारलं." सिस्टरनी फोन ठेवलासुद्धा.

जेवणाची वेळ झाली होती. ताईंनी डबा उघडला, शेवटच्या घासापर्यंत सावकाश जेवल्या, आणि डबा धुऊन खिडकीत उन्हाला पालथा घातला.