डाव्या हाताच्या सुऱ्या

सुनेला बढती मिळाली आणि इस्पितळाची अख्खी प्रयोगशाळा तिच्या हाताखाली आली, तेव्हा सासूबाईंच्या पोटात ती बातमी काही राहीना. सुरे घेऊन आलेल्या खाटकाला त्यांनी ती सांगितली, कात्रीला धार लावायला आलेल्या शिंप्याला सांगितली. शिंपी विसरलेली छत्री न्यायला परत आला, तेव्हा त्याला पुन्हा पहिल्यापासून सांगितली.

"आमची सून," असं म्हणायच्या आणि हातातलं पातं बाजूला ठेवायच्या. एरवी घर पेटलं तरी हातातलं पातं खाली ठेवणारी ही बाई नव्हे.

त्यांचा धंदा धार लावण्याचा. घराच्या तळमजल्यावर रस्त्याकडे तोंड करून एक खोली, खोलीत पाण्याची उथळ कुंडी, तिच्यावर फळी आणि फळीवर निसणे, म्हणजे धारेचे दगड : एक खडबडीत, एक मध्यम, एक लोण्यासारखा मऊ. हे काम त्यांना सासऱ्यांनी शिकवलं. नवऱ्याला त्यात गोडी नव्हती, तो टपालखात्यात रमला. लग्न होऊन आलेली ही मुलगी मात्र दुसऱ्याच आठवड्यात निसण्यापाशी जाऊन बसली, त्याला आता अडतीस वर्षं झाली. नवरा गेला, सासरे गेले, निसणे झिजले, बदलले, बाई तिथेच.

शहरात जपानी पद्धतीची ओमाकासे जेवणघरं अकरा. ओमाकासे म्हणजे खाणाऱ्याने काही मागायचंच नाही. फळीपुढे बसायचं आणि समोर उभा असलेला शेफ त्या दिवशी त्याला जे उत्तम वाटेल ते एकेक घास करून पुढे ठेवणार. त्या अकरांपैकी नऊ ठिकाणच्या सुऱ्या सासूबाईंकडे यायच्या. रोजची धार ज्याची त्याने लावायची, पण वर्षातून तीन-चारदा पातं सरळ करायला, पाठ सपाट करायला, टवका उडाला असेल तर तो काढायला जाणता हात लागतो. तो हात यांचा. मात्र त्या फळीपुढे बसून एक घास कधी त्यांच्या तोंडात पडला नव्हता. सोनार काय रोज सोनं घालून हिंडतो?

"आई, माझ्या बढतीचं जेवण आपण दोघींनी तिथेच करायचं," सून म्हणाली. मुलगा कच्च्या माशाचं नाव काढलं तरी तोंड कडू करायचा, त्याने आनंदाने माघार घेतली.

सुनेने निवड केली ती तिच्या स्वभावाप्रमाणे. तिने तक्ता मांडला. अकरा ओळी, कुठल्या वर्तमानपत्राने काय लिहिलं, किती जणांनी किती तारे दिले, भात कसा, शेफ कुणाकडे शिकला, जागा किती, किती महिने थांबावं लागतं. सगळं जुळवून पहिला नंबर आला तो उस्तादांचा. उस्ताद पंचाहत्तरीचे, डावखुरे, आणि या शहराला सुशी खायला शिकवलं ते त्यांनीच, असं लोक म्हणत. त्यांच्याकडे तीन महिने थांबावं लागायचं. पण नशीब बघा, बुधवारी दुपारी फोन आला. शनिवारच्या दुपारच्या दोन जागा कुणीतरी सोडल्या होत्या. सहाच्या आत होकार कळवायचा.

सून धावत खाली आली. "आई, लागली लॉटरी! उस्तादांकडे!"

सासूबाईंनी निसण्यावर पाणी शिंपडलं. "तिथे नको," त्या म्हणाल्या.

"नको? का?"

"नको म्हणते ना."

"पण कारण?"

कारण त्यांच्यापाशी होतं, अगदी डोळ्यांनी पाहिलेलं. जपानी सुरीला एकाच बाजूने उतार असतो, दुसरी बाजू सपाट. उजव्या हाताने कापणाऱ्याचा उतार उजवीकडे, डावखुऱ्याचा डावीकडे. एकाची सुरी दुसऱ्याच्या हातात परकी. उस्तादांकडून दर तीन महिन्यांनी कापडाची गुंडाळी यायची, तिच्यात त्यांच्या हाताखालच्यांच्या सुऱ्या असायच्या आणि तीन सुऱ्या डाव्या उताराच्या. गुंडाळी अजून नेमाने येत होती, पण मागच्या खेपेला तिच्यातल्या त्या तीन सुऱ्या नुसत्याच पुसून आल्या होत्या. ना कडेला झीज, ना रोजच्या धारेचा ओरखडा. ताज्या गुंडाळीत तर त्या नव्हत्याच. उस्तादांचा हात थांबला होता. शहराला पत्ता नव्हता, पण निसण्यापाशी बसलेल्या बाईला होता.

आणि हे सांगायचं नव्हतं. सासऱ्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "सुरीवरून आपल्याला माणूस कळतो. कोण रागात कापतो, कोण आळशी, कुणाच्या हाताला कंप सुटलाय. जे कळलं ते गिळायचं. वैद्य आणि धारवाला, दोघांनी तोंड उघडलं की धंदा बुडाला." अडतीस वर्षांत त्यांनी ते घरातसुद्धा मोडलं नव्हतं.

सून जरा घुटमळली, मग हळूच म्हणाली, "आई, तुम्हाला संकोच वाटतोय का? त्यांच्या सुऱ्या तुम्ही करता, आणि त्यांच्यासमोर जेवायला बसायचं म्हणून?"

ते मात्र सासूबाईंना झोंबलं. संकोच? कसला संकोच? एका वाक्यात हिचा गैरसमज धुऊन टाकता आला असता. ते वाक्य जिभेच्या टोकावर आलं, आणि त्यांनी ते आवंढ्याबरोबर खाली ढकललं.

"मला विचारशील तर बुकबाइंडरच्या वर जे आहे ना, सात खुर्च्यांचं, तिथे जाऊ," त्या म्हणाल्या. "तिथे फळीमागे ती बाई आहे बघ."

सुनेने तक्ता काढला. "सातवा नंबर आहे तिचा, आई! सातवा!"

"तुझ्या तक्त्यात सुऱ्यांचा रकाना आहे?"

सून पायरीवर बसली. सहाला वीस मिनिटं होती. दुसरी कुणी असती तर तिने फुरंगटून हट्ट धरला असता, पण ही दिवसभर दुसऱ्यांची गुपितं काचेच्या नळ्यांतून बघणारी बाई. अमक्या गल्लीतल्या तमक्याला कुठला आजार आहे, हे तिला त्याच्या बायकोच्या आधी कळायचं.

"म्हणजे तुमच्याकडे नमुना आहे," ती सावकाश म्हणाली, "पण तो मला दाखवता येत नाही."

सासूबाईंनी मऊ निसणा उचलून उगाचच पुसला.

"ठीक आहे," सून उठली. "तपासणारं माणूस कोण आहे ते मला माहीत आहे." आणि तिने उस्तादांकडे फोन करून त्या दोन जागा सोडल्या. सोडताना तिचा चेहरा पडला होता, ते सासूबाईंनी पाहिलं. पण तिने कारण पुन्हा विचारलं नाही.

रविवारी दुपारी दोघी बुकबाइंडरच्या दुकानाशेजारचा अरुंद जिना चढून वर गेल्या. खळीचा वास जिन्यात वरपर्यंत येत होता. दार उघडल्यावर तो संपला आणि ओल्या लाकडाचा वास सुरू झाला. फिक्या लाकडाची एकच लांब फळी, सात खुर्च्या, भिंती कोऱ्या. फळीपलीकडे चाळिशीची शेफबाई, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या.

सासूबाईंना बघताच तिचे हात थांबले. "बाई! तुम्ही? आज सुरीला काही झालं नाही ना?"

"सुरीला काय धाड भरलीय. आज जेवायला आले. ही माझी सून. इस्पितळाच्या प्रयोगशाळेची प्रमुख झाली." एवढं सांगायला त्यांनी खुर्चीवर बसायचीही वाट पाहिली नाही.

पहिला घास माकुळाचा, म्हणजे स्क्विडचा होता. शेफबाईने तो पांढरा पातळ तुकडा फळीवर पसरला आणि त्याच्यावर सुरी अशी चालवली, की जणू नुसती सावली फिरवली. केसाएवढ्या रेघा, शेजारी शेजारी, एकही आरपार गेली नाही. सुनेने तो घास तोंडात टाकला आणि डोळे मिटले. "विरघळला हो! मला तर वाटलं होतं रबरासारखा लागेल."

सासूबाई सुरीकडे बघत होत्या. बारा वर्षांपूर्वी शेफबाईने ती घेतली तेव्हा दोन बोटं अधिक लांब होती. रोज घासून घासून आता अर्ध्या रुंदीची झाली होती. पण कड अजून एका रेषेत. एवढ्या वर्षांत एकदाही तिच्यात टवका आला नव्हता. शहरातल्या नऊ गुंडाळ्यांत अशी सुरी दुसरी नव्हती, आणि या बाईला तारे मात्र थोडे, कारण ती वर्तमानपत्रवाल्यांशी गोड बोलत नसे.

तिसरा घास संपत असताना दार उघडलं. एक उंच म्हातारे गृहस्थ आत आले, करड्या कोटात, डावा हात कोटाच्या खिशात. शेफबाई फळीमागून बाहेर आली आणि कमरेत वाकली. सुनेने सासूबाईंचा दंड धरला. वर्तमानपत्रांतला तो चेहरा तिने दहादा पाहिला होता.

रविवारी उस्तादांचं दुकान बंद असे. ते येऊन नेमके सासूबाईंच्या शेजारच्या खुर्चीवर बसले. पलीकडच्या टोकाला दोघं पाहुणे आपल्याच बोलण्यात होते. उस्तादांनी उजव्या हाताने जेवायच्या काड्या उचलल्या, त्या सुटल्या, त्यांनी पुन्हा उचलल्या. मग काड्या ठेवून सरळ बोटांनी घास घेतला.

"बाई," ते खालच्या आवाजात म्हणाले, "तुम्हाला इथे बघून बरं वाटलं. मी तुमच्याकडे यायचं टाळत होतो."

"का बरं, उस्ताद?"

"तुम्हाला कळलं असणार म्हणून." ते सुनेकडे वळले. "ही कोण? सून? मग ऐक, पोरी. माझा डावा हात गेल्या हिवाळ्यापासून चालत नाही. मी फळीमागे उभा राहतो, गप्पा मारतो, मासा आतून कापून येतो. मुलं चांगलं कापतात, पण लोक माझ्या हातचं म्हणून येतात. शहरात एकाच माणसाला हे पहिल्या खेपेला कळलं असणार. मी रोज वाट बघत होतो, आज बोभाटा होईल, उद्या होईल. झाला नाही."

सून सासूबाईंकडे बघत राहिली. सासूबाई समोरच्या मुरवलेल्या बांगड्याकडे बघत होत्या. कान मात्र लाल झाले होते.

"तुमच्या त्या दोन जागा," उस्ताद हसले, "सोडल्याचा निरोप मीच ऐकला. आडनाव ओळखीचं. म्हटलं, बाईंनी आपल्या माणसाला वळवलं, आणि का वळवलं ते तिलाही सांगितलं नसणार."

"नाही सांगितलं," सून म्हणाली. "मी त्यांना विचारलं, संकोच वाटतो का म्हणून."

"मग इथेच कशा आलात?"

"त्या म्हणाल्या, ती बाई आहे बघ."

उस्तादांनी फळीपलीकडे पाहिलं. शेफबाईने मान खाली घातली होती. सुरी पुसून झाली होती तरी ती पुसतच होती. "आठ वर्षं माझ्याकडे होती," ते म्हणाले. "बाईमाणसाचे हात गरम असतात, भात बिघडतो, असं माझ्याच दुकानात लोक बोलायचे. मी ऐकून घेत होतो. आता महिनाअखेर मी दारावर पाटी लावणार आहे, हात थांबला म्हणून. आणि विचारतील त्यांना या जिन्याचा पत्ता देणार आहे. तोवर मात्र..."

"तोवर आमच्या तोंडाला कुलूप," सासूबाई म्हणाल्या. "आणि उस्ताद, त्या तीन सुऱ्या पाठवून द्या. न वापरता ठेवल्या तर गंज धरतील. एवढ्या मोठ्या हाताखालून गेलेल्या सुऱ्या, असं करू नका."

"कुणासाठी धार लावणार?"

"तुमच्यासाठी. भिंतीवर लावल्या तरी धारेच्याच असू देत."

उस्तादांनी खिशातून डावा हात काढला आणि फळीवर ठेवला, कापरा, सगळ्यांना दिसेल असा. शेफबाईने पुढचा घास त्या हाताजवळ ठेवला.

जेवण संपलं तेव्हा शेफबाई जिन्यापर्यंत पोचवायला आली. "काही कमी राहिलं का, बाई?" तिने विचारलं. तिने हे पाहुण्यांना विचारतात तसं विचारलं नव्हतं, उत्तर हवं म्हणून विचारलं होतं.

"टूना कापताना शेवटाला मनगट उचलतेस," सासूबाई म्हणाल्या. "उचलू नकोस. बाकी माझ्या सासऱ्यांनी तुला बघायला हवं होतं."

शेफबाईचा चेहरा असा उजळला की सुनेला जिन्यातल्या अंधारातही तो दिसला.

वाटेत सून एवढंच म्हणाली, "आई, इस्पितळात मला नवीन मुलं शिकवायची आहेत. गुपित कसं ठेवायचं ते सांगायला तुम्हाला बोलवू का?"

"मला काय येतं बोलायला!"

"म्हणून तर बोलावते."

घरी मुलगा वाटच बघत होता. "काय मग, सातव्या नंबरवालीकडे समाधान झालं? उस्तादांच्या जागा का सोडल्या ते आता तरी कळलं का?"

सासूबाई आत पाणी प्यायला गेल्या होत्या. त्यांनी पेला तसाच धरला आणि कान दिला. सुनेच्या मनात किती भरून आलंय ते त्यांना वाटभर दिसत होतं, आणि आपल्या नवऱ्यापाशी ती कधी काही झाकत नसे.

"मासा छान होता," बाहेरून सुनेचा आवाज आला. "माकूळ तर काय सांगू तुला. ऊठ, कपडे वाळलेत, घड्या घाल."

सासूबाईंनी पाणी प्यायलं. पेला विसळून पालथा घातला. दुसऱ्या दिवशी खाटीक सुरे घेऊन आला, तेव्हा त्यांनी त्याला सुनेच्या बढतीची गोष्ट पुन्हा सांगितली, आणि या खेपेला शेवटी जोडलं, "बढती तर दिसतेच सगळ्यांना. पण पोरगी त्याहून मोठी आहे."

खाटकाने विचारलं, "म्हणजे कशी?"

"अशीच," त्या म्हणाल्या आणि सुरा निसण्यावर टेकवला.