लायलॅकचं झुडूप

"झाल्या का गं पोरी त्या फायली? की ग्लेनिसबरोबर त्याही गेल्या?" ऑर्विल बीलने ग्रंथालयातल्या माझ्या टेबलावर काकवीच्या डोनटची पिशवी ठेवत विचारलं.

मला पन्नाशी उलटली तरी ऑर्विलच्या लेखी मी पोरगीच. आमच्या इथे, अमेरिकेतल्या मेन राज्याच्या किनाऱ्यावर, जो तुमच्याआधी बोटीवर चढला, त्याच्यापुढे तुम्ही कायम पोरच असता. ऑर्विलने जन्मभर लॉब्स्टर धरले, कॉम्प्युटरला कधी बोट लावलं नाही. तो नाद त्याच्या बायकोचा. ग्लेनिस वसंतात गेली आणि तिचे फोटो एका जुन्या प्रोग्रामच्या फायलींत अडकून पडले. तो प्रोग्राम आता कुणी वापरत नाही. त्या फायली साध्या जेपेगमध्ये बदलून द्यायचं काम मी अंगावर घेतलं होतं.

"शनिवारी कर्टिस येतोय," तो म्हणाला. "आईचे फोटो मागितलेत. दुसरं काही नको म्हणाला."

कर्टिस त्याचा एकुलता एक मुलगा. आजोबांची बोट बापाला न विचारता विकून त्याने गाव सोडलं, तेव्हापासून बापलेकांत शब्द नाही. आईच्या अंत्यविधीला चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसला आणि परस्पर निघून गेला. आमच्या गावात सगळ्यांना सगळं माहीत असतं, विचारत मात्र कुणी नाही.

"बाकीचे झालेत," मी म्हटलं. "हा एकच मुद्दाम ठेवलाय. बघा."

अंगणातला फोटो होता. ऑर्विल, ग्लेनिस आणि तिच्या शेजारी जांभळ्या फुलांनी भरलेलं लायलॅकचं भलंमोठं झुडूप.

ऑर्विल खुर्चीत टेकला.

"त्या झुडपाच्या जागी कर्टिस होता. बोट गेली त्या आठवड्यात मीच म्हटलं, या घरात त्याचं तोंड दिसता कामा नये. ग्लेनिस म्हणाली, बरं. माझ्यादेखत पुसला तिने त्याला आणि झुडपाचा फोटो भिंतीवर लावला. आम्हा तिघांचा तेवढाच एक होता गं. आता पोराला काय दाखवू? हे बघेल आणि आल्या पावली परत जाईल."

"तो पुसलेला नाही, ऑर्विल."

"अगं, माझ्या डोळ्यांसमोर..."

"तुमचे डोळे राहू द्या. लॉब्स्टर सोडून त्यांना काय कळतं?"

एरवी त्याने मला उलट टोमणा मारला असता. आज मारला नाही. मी त्याला समजावलं, की या जुन्या फायलीत चित्राचे थर असतात, काचेवर काच ठेवावी तसे. ग्लेनिसने वर फक्त झुडपाचा थर ठेवला होता. जेपेग केला की सगळे थर दाबून एक होतात, मग वरचं काही निघत नाही. म्हणून मी थांबले होते.

मी झुडपाचा थर बंद केला.

कर्टिस उभा होता. काटकुळी मान, तोंडात मक्याचं कणीस, एक हात आईच्या खांद्यावर.

ऑर्विल पडद्याजवळ सरकला. मग हसला. "काय बाई होती! मी समजायचो, माझ्या शब्दाबाहेर नाही. आणि इतकी वर्षं माझ्याच डोळ्यांत धूळ फेकली." मग पडद्याकडे बघतच म्हणाला, "मला एकदा सांगायचं तरी."

"सांगितलं असतं तर?"

"तर हेही पुसायला लावलं असतं मी."

मी डोनटची पिशवी उगाच इकडची तिकडे केली.

"मग झुडूप काढूनच बदलते," मी म्हटलं.

"नको. दोन कर. एक झुडपाचा, एक असा."

"झुडपाचा आता कशाला?"

"त्याला कळू दे ना, कुणी झाकायला लावलं आणि कुणी सांभाळून ठेवलं."

दोन्ही फायली केल्या, दोन्ही छापून पाकिटात घातल्या. कर्टिसचा फोटो मी वर ठेवला होता. ऑर्विलने दोन्ही बाहेर काढले आणि झुडपाचा वर ठेवला.

"आधी त्याला माझी करणी बघू दे," तो म्हणाला, आणि पाकीट न दुमडता, दोन्ही हातांनी धरून, पायऱ्या उतरला.