मोहरीचा लेप आणि मी

मित्रांनो, फोडणीत मोहरी तडतडली की तुम्ही मागे सरता. पण तिचा खरा झणका मला विचारा! मी पारोळ्याच्या लिलाबाईंच्या घरचा जुना, बिडाचा खलबत्ता आहे.

लोखंडाचा लालभडक रस साच्यात ओतून मला धुळ्याला घडवलं. बाजारात लिलाबाईंनी मला वाजवून पाहिलं आणि त्यांचे पती देवचंदआबा मला खांद्यावर टाकून घरी घेऊन आले.

उन्हाळ्यात कैरीच्या लोणच्यासाठी माझ्यात मोहरी कुटली जाई. हिवाळ्यात लेपासाठी. आबा बाजार समितीत पोती उचलत. त्यांची कंबर धरली की लिलाबाई मोहरी कुटून पिठात कालवत, फडक्यावर पसरून बांधत. "आते बरं वाटस," असं आबा म्हणाले की मला धन्य वाटे. गल्लीतल्या बायाही लेप मागायला येत.

गेल्या हिवाळ्यात आबांना खोकला झाला, ताप चढला. लिलाबाईंनी त्यांच्या छातीवर लेप बांधला. "जरासा चटका सोसा. कफ मोकळा व्हयी," त्या म्हणाल्या. कफ मोकळा झाला नाही. छातीवर मात्र फोड उठले, आणि आबांना धाप लागली. त्यांची मुलगी प्रज्ञा जळगावला औषधशास्त्र शिकते. ती घरी आली, वडिलांचा श्वास ऐकला आणि म्हणाली, "माय, आता लेप नको. रिक्षा बोलाव."

न्यूमोनिया होता. आबा वाचले, घरी आले. पण लिलाबाईंनी मला खाटेखाली ढकललं. "त्यास्नं आंग मीच भाजं," एवढंच त्या म्हणाल्या. त्या उन्हाळ्यात लोणच्याची मोहरी पाकिटातून आली. माझ्या अंगावर गंज चढला.

मग दिवाळीत प्रज्ञा नवीच गोष्ट घेऊन आली. तिच्या कॉलेजात मोहरीवर प्रयोग चालू होते. "माय, काचेच्या बशीत जंतू वाढवले. मोहरीचा अर्क टाकला, तिथे ते वाढलेच नाहीत!"

लिलाबाईंनी मान वर केली. "म्हंजे मन्हा लेप खोटा नव्हता?"

"बशीतलं बशीत, माय. माणसाला ते चालेल का, हे कळायला अजून खूप तपासावं लागेल. पण मोहरीत शोधण्यासारखं काहीतरी आहे, हे नक्की."

आबा एवढा वेळ ऐकत होते. ते वाकले आणि त्यांनी मला खाटेखालून बाहेर ओढलं. "तुम्हनं तपासणं चालू ऱ्हाऊ द्या. पाकिटनी मोहरीले झणकाच नही!" त्यांनी स्वतः राखेनं मला घासलं. लिलाबाईंनी लिंबाच्या लोणच्यासाठी माझ्यात मोहरी घातली आणि बत्ता हातात घेतला. पहिल्याच घावाला आबांना सणसणीत शिंक आली. सगळे क्षणभर घाबरले, आणि मग आबाच खदखदून हसले. केवढा मोठा, मोकळा श्वास होता तो!

परवा शेजारच्या शेवंताबाई नातीला कडेवर घेऊन आल्या. "अक्का, पोरले खोकला शे. लेप देस का?"

लिलाबाईंनी पोरीच्या छातीला कान लावला. श्वासाबरोबर बरगड्या आत ओढल्या जात होत्या. लिलाबाईंनी पायात चपला सरकवल्या. "लोणचं कितलं बी लई जाय, शेवंता. पण इले दवाखानामा लई जाऊत. चाल, मी येस संगे."

मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंना अडगळीत टाकू नका; पुसा, कामाला लावा. पण जे आम्हाला जमत नाही, ते आमच्यावर सोपवून बसू नका. संध्याकाळी दोघी परतल्या, तेव्हा ती पोर औषध घेऊन शेवंताबाईंच्या खांद्यावर शांत झोपली होती.