वाफ्याची कटिंग

"अहो, फुलं कुठायत?" खांद्यावरची पिशवी उतरवायच्या आतच काकूंनी विचारलं.

अण्णा दारातच घुटमळले. उभी हयात लोकांच्या डोक्यांवर कात्री चालवण्यात गेलेली, गिऱ्हाइकापुढे तोंडाचा पट्टा अखंड चालू; पण बायकोपुढे वेळ आली की दातखीळ.

लेकीच्या बाळंतपणाला जाताना काकू अंगणातला वाफा त्यांच्यावर सोपवून गेल्या होत्या. पांढऱ्या पाकळ्या, मधोमध पिवळी टिकली, अशी साधी रानफुलं. काकूंच्या माहेरी परसामागे ती आपसूक उगवत. आता तिथे गोदाम उभं राहिलंय, आणि बी उरलंय ते फक्त या वाफ्यात. एका हंगामाचं झाड. फुललं तर पुढच्या वर्षीचं बी, नाहीतर खेळ खलास.

अण्णांनी रोपं जिवापाड जपली. पाणी घातलं, तण काढलं. पण वेडंवाकडं वाढलेलं काही त्यांना बघवत नसे. दुकान बंद असलं की ते कंगवा लावून वाफ्याची कटिंग करत. वर आलेले हिरवे गोळे तर निवडून निवडून उडवले. शेजारचे मास्तर कुंपणावरून म्हणालेसुद्धा, "अण्णा, मानेला पावडर राहिली!"

"अहो, कळ्या होत्या त्या!" छाटलेला वाफा बघून काकू मटकन पायरीवर बसल्या.

"मला वाटलं, गुंता झालाय."

"गुंता तुमच्या डोक्यात! आईच्या घरचं तेवढंच उरलं होतं हो माझ्याकडे." काकूंनी पदर डोळ्यांना लावला. अण्णांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेही शेजारी टेकले.

डोळे पुसता पुसता काकू थबकल्या. "आणि ते कसं सुटलं?"

"कुठं?"

"ते काय, डाव्या हाताला, भिंतीशी. ढळढळीत दिसतंय की!"

अण्णांनी अख्खी मान वळवली. एक रोप मनसोक्त वाढलं होतं आणि फुलांनी लगडलं होतं. अण्णांचा चेहरा उजळला आणि लगेच पडला.

"दिसलंच नाही," ते पुटपुटले. "डाव्या डोळ्यानं हल्ली धूसर दिसतं."

"आणि दुकानात?"

"मान वळवून भागवतो."

"मला नाही सांगितलंत!"

"तू कात्री काढून घेतली असतीस."

काकूंना हसू आलं आणि रडूही. "उद्या डॉक्टरकडे जायचं."

"बी धरू दे की आधी."

"उद्या म्हणजे उद्याच," काकू म्हणाल्या. आणि उठून त्यांच्या डाव्या बाजूला जाऊन बसल्या.