बाबांच्या हातची कावीळ

झरीच्या समाजमंदिरासमोर त्या सकाळी जेवढी माणसं जमली होती, तेवढी ग्रामसभेला कधी दिसली नव्हती. जतीनबाबा आले होते. अंगात डॉक्टरांसारखा पांढरा कोट, त्यावर भगवी शाल. देवाचा भक्त असो की विज्ञानाचा, गिऱ्हाईक हातचं जायला नको.

बाबांपुढे थर्माकोलचा खोका आणि त्यात करंगळीएवढी कुपी. हे मानवी इंटरफेरॉन, बाबा सांगत होते, बनतं परदेशी प्रयोगशाळेत, पण त्यात प्राण येतो तो बाबांच्या फुंकरीने. कुपीतला थेंब वाटीतल्या पाण्यात टाकायचा, ते पाणी कावीळवाल्याच्या हातांना चोळायचं आणि हात परातीतल्या तीर्थात बुडवायचे. पाणी पिवळंजर्द व्हायचं. गर्दी हात जोडायची.

नूतनबाई गर्दीत उभ्या होत्या. गावच्या शाळेत त्या विज्ञान शिकवत. त्यांचा जीव अडकला होता तो लाहूत. शाळेत जेवण रांधणाऱ्या जमनाचा हा नवरा. डोळे हळदीसारखे, आणि आज तर बसल्या जागी पेंगत होता. बायकोचं नावही त्याला चटकन आठवेना. कावीळ डोक्यात चढल्याची ही खूण बाईंना ठाऊक होती. रिक्षा दारात आणली होती, पण लाहू म्हणे आधी बाबा, मग डहाणूचा दवाखाना.

"तो ऐकतच नाय, बाई," जमना रडवेली होऊन म्हणाली.

इंटरफेरॉन म्हणजे काय ते बाईंना माहीत होतं. विषाणू घुसला की आपलंच शरीर हे प्रथिन बनवतं आणि शेजारच्या पेशींना सावध करतं. माणसाचं जनुक जिवाणूंत घालून प्रयोगशाळा ते बनवून घेते. पण बाबांच्या कुपीवर 'फक्त संशोधनासाठी' असं इंग्रजीत छापलं होतं, आणि तसली कुपी काचेच्या बशीतल्या पेशींवर प्रयोग करायला असते, रोग्यासाठी नाही. काही आजारांत डॉक्टर त्याचं वेगळं औषध देतात, तेही सुईने. हात चोळायला कोणीच देत नाही. शिवाय ते थंडगार ठेवावं लागतं, आणि बाबांचा खोका उन्हात तापत होता.

पण हे भाषण गर्दीने ऐकलं नसतं. बाईंनी बाबांचे हात पाहिले. प्रत्येक रोग्यानंतर ते पंच्याला पुसत होते, तीर्थात मात्र एकदाही बुडवत नव्हते. बाई शेजारच्या रखमाबाईंकडे वळल्या. बाबांचं जेवण त्यांच्याच घरी होतं.

"रखमाबाई, एवढ्या लोकांची कावीळ ओढून घेतली, ती बाबांच्या हाताला चिकटली नसेल का?"

म्हातारी लगबगीने पुढे झाली. पाहुण्याच्या हातावर पाणी घातल्याशिवाय त्यांच्या घरी पान वाढत नसत. त्यांनी परात भरायला ठेवलेला तीर्थाचा तांब्या उचलला आणि बाबा "बेन, राहू द्या, राहू द्या" म्हणेपर्यंत त्यांच्या हातांवर ओतलाही.

बाबांच्या बोटांतून पिवळे ओघळ निघाले. पुढच्या रांगेत कुणीतरी खुदकन हसलं.

"अरे देवा, बाबांना तर लाहूपेक्षा जास्त आहे," रखमाबाई कळवळून म्हणाल्या. "आधी यांनाच डहाणूला न्या."

बुवांची ही जुनी युक्ती बाईंना ठाऊक होती. मग त्यांनी शाळेतून चुन्याची निवळी आणली आणि दारच्या आंब्याची साल पाण्यात कुटली. तो रस जमनाच्या ठणठणीत हातांना लावून हात निवळीत बुडवले. तसंच पिवळंजर्द पाणी. वाटीत सालीचा रस, परातीत चुना, एवढंच ते तीर्थ. कुपी नुसती दाखवायला. बाबांनी शाल गुंडाळली आणि मागच्या मागे पसार झाले.

लाहूला रिक्षात घातलं. डहाणूच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर केला असता तर कठीण होतं. तो वाचला, पण महिनाभर अंथरुणात राहिला.

"म्हणजे आम्ही फसलो," जमना दवाखान्यात त्याच्या खाटेशी बसून म्हणाली. "बाबांकडे तर किती जण बरे झाले होते."

बाईंनी सांगितलं की कावीळ बहुतेकांची विश्रांतीनेच उतरते आणि नाव बाबाचं होतं. ज्याची उतरत नाही, त्याचा वेळ बाबा खातो.

"मग हे डॉक्टर खरे कशावरून, बाई?"

"त्यांना विचार. लाहूला काय झालंय, कोणतं औषध, कशासाठी. जो समजावून सांगेल त्याच्याकडे थांब. जो विचारू देणार नाही, तिथून माणूस उचलून आण."

जमना उठली आणि पदर खोचून डॉक्टरांच्या खोलीकडे निघाली.