दरीवरची उडी

बार्शीच्या एका बंद पडलेल्या टॉकीजच्या माळ्यावर प्राध्यापक गुरुबसप्पा कलशेट्टींना एक जुना मारधाडीचा सिनेमा सापडला. १९७४ चा उन्हाळा होता. पहिलं रीळ अर्धंअधिक खराब झालेलं, त्यामुळे सिनेमाचं नावही कळत नव्हतं. पुठ्ठ्याचा किल्ला, मुखवटा घातलेला नायक, एक पांढरं घोडं. असल्या सिनेमांपायी लहानपणी त्यांनी घरी मार खाल्ला होता. आता सोलापूरच्या कॉलेजातल्या फिल्म सोसायटीत तो मोठ्या कौतुकानं दाखवायचं त्यांनी ठरवलं.

टॉकीजचा म्हातारा डोअरकीपर मडिवाळप्पा म्हणाला, की मुखवट्यामागं नायक नव्हताच. घोड्यावरच्या उड्या माळशिरसकडच्या कोंडीबानं मारलेल्या, आणि शूटिंगच्या वेळीच तो गेला. त्याची बहीण रंभाबाई सोलापुरात मिलमध्ये कामाला होती.

गुरुबसप्पा तिला बोलवायला तिच्या चाळीत गेले. तिनं हा सिनेमा कधी पाहिला नव्हता. सराव करताना घोडं उधळलं, एवढंच सिनेमा कंपनीनं तिला कळवलं होतं. ती पोचेपर्यंत दहनही उरकलं होतं. ती यायला नाही म्हणाली. मग तिनं विचारलं, कोंडीबाचं तोंड दिसतं का त्यात? घरात त्याचा एकही फोटो नव्हता. दिसत असेल, गुरुबसप्पा म्हणाले. त्यांनी स्वतः अजून शेवटचं रीळ लावून पाहिलं नव्हतं.

रविवारी सकाळी हॉल भरला. रंभाबाईला हार घालून पुढं बसवलं. पोरं पुठ्ठ्याच्या किल्ल्याला हसत होती. शेवटच्या रिळात घोड्यानं दरीवर झेप घेतली. पुढचे पाय पलीकडच्या काठाला लागलेच नाहीत. घोडं आणि माणूस दोन्ही खाली गेली. मुखवटा उडाला, क्षणभर उघडं तोंड दिसलं, आणि लगेच नायक धूळ झटकत उभा. हॉलभर शिट्ट्या झाल्या.

दिवे लागल्यावर रंभाबाईनं विचारलं, की हा सराव होता का.

"तेवढं कापून टाका," ती म्हणाली.

त्यांनी तिला समजावलं. असली जुनी चीज पुन्हा मिळायची नाही, तिला कात्री कशी लावायची? रंभाबाईनं हार खुर्चीवर ठेवला आणि ती निघून गेली.

सिनेमात खराच माणूस मेलाय, ही बातमी फिरली. पुढं गुरुबसप्पांनी बार्शीतल्या दुसऱ्या टॉकीजमध्ये खेळ ठेवला, त्याला त्यामुळेच गर्दी लोटली. उडी झाली तसा मागून 'वन्स मोअर'चा गलका उठला. ऑपरेटरनं हसत रीळ मागं घेतलं आणि कोंडीबा दुसऱ्यांदा पडला. पुन्हा गलका झाला, तेव्हा गुरुबसप्पांनी जाऊन मशीन बंद केलं.

दुसऱ्या दिवशी तेवढा तुकडा कापून ते चाळीत गेले. रंभाबाईनं पट्टी उजेडात धरली. चित्रं नखाएवढी; त्यात तोंड तिळाएवढंही नव्हतं. ती कितीतरी वेळ बघत राहिली.

"ह्यो शिनिमा आनी कुटं आसंल का?" तिनं विचारलं.

"असू शकेल. गावोगाव फिरवायला तेव्हा बऱ्याच प्रती काढायचे."

"मंजी तितं त्यो आजून पडतच आसंल की."

तिनं पट्टी लुगड्याच्या घडीत ठेवली आणि त्यांच्यासाठी चहा टाकला. उरलेली रिळं त्यांनी पुन्हा कुणाला दाखवली नाहीत.