तीन बारांची खूण

अकराला येतो म्हणाला होता. साडेअकरा झाले, बारा झाले, ओव्हनमधल्या मांस-बटाट्याच्या पेस्टीज दोनदा गरम करून झाल्या, आणि माझ्या नवऱ्याचा, रूडीचा, पत्ता नव्हता.

पंधरा नोव्हेंबर म्हणजे हरणांच्या शिकारीचा पहिला दिवस. यंदा तो रविवारी आला, म्हणून पाद्रीबाबांनी प्रार्थना आदल्या संध्याकाळीच उरकून टाकली. सकाळी ते स्वतःच शिकाऱ्यांचा नारिंगी कोट घालून रानात जाणार होते ना! पुरुष रानात जातात आणि आम्ही बायका घरी बसून बार ऐकतो. थट्टा नाही, खरंच ऐकतो. चाळीस वर्षांत मला आसपासच्या प्रत्येकाची बंदूक आवाजावरून ओळखता यायला लागली आहे. रूडीचा बार ऐकला की तो कुठल्या मचाणावर आहे तेही कळायचं. टेकडीवर एक, नदीकडे एक आणि दलदलीत एक, अशी तीन मचाणं आहेत त्याची. पहाटे वारा बघितल्याशिवाय कुठे बसणार हे तो देवालाही सांगत नाही.

आणि सारखं अंतर ठेवून काढलेले तीन बार म्हणजे, मी अडचणीत आहे, या. ज्याला ऐकू येईल त्याने एक बार काढून उत्तर द्यायचं आणि निघायचं. त्या रानात फोनला रेंज नाही, त्यामुळे आजोबांच्या काळातली ही खूण अजून चालते.

यंदा मी सकाळपासून खिडकीशी बसून होते आणि रूडीचा एकही बार ऐकला नव्हता. कसा ऐकणार? त्याच्या बंदुकीचं तोंड मीच बंद केलं होतं.

त्याचा डावा कान साफ गेलाय. उजवा उरलाय तेवढा राहू दे, असं डॉक्टर म्हणाले. बंदुकीच्या तोंडाला लावायच्या नळीवर, सायलेन्सरवर, दोनशे डॉलरचा कर होता, वर महिनोन्महिने वाट बघायची, म्हणून आमच्यात कोणी त्या भानगडीत पडत नसे. या जानेवारीत सरकारने तो कर काढला. अर्ज आणि बोटांचे ठसे अजून द्यावे लागतात, पण ते काम पटकन होतं. दोन महिने मीच त्याच्यामागे लागले होते.

त्याला ती नळी नकोच होती. "हरीण मारायचंय, आर्लीन, त्याच्या घरी चोरी नाही करायची."

"टीव्ही इतका मोठा लावतोस की पलीकडच्या गावाला बातम्या कळतात," मी म्हटलं. "नळी लाव, नाहीतर रानातच राहा."

लावली, पण माझी पाठ वळली की काढून ठेवायचा. म्हणून काल दुपारी तो खुर्चीत घोरत असताना मी पाना घेतला आणि नळी अशी आवळली की हाताने सुटू नये. वर स्वतःवर खूशही झाले.

बारा वाजून दहा मिनिटांनी मला तो पाना आठवला. त्याने तीन बार काढले तरी कोणाला ऐकू जाणार?

शेरीफच्या कचेरीत फोन केला. रस्त्यावर बर्फ आहे, दीड तास तरी लागेल, म्हणाले. मग रानातून परतलेल्या शेजारच्या नॉर्बला त्याच्या बंदुकीसकट बोलावलं आणि कपाटातून सासऱ्यांची जुनी बंदूक काढली. तिला नळीबिळी काही नाही. बार काढला की दात हलतात.

नॉर्बच्या गाडीत बसले आणि आम्ही निघालो.

"अगं, मोठं हरीण मिळालं असेल," नॉर्ब म्हणाला. "ओढत आणत असेल बिचारा."

"सकाळी कुठून तीन बार ऐकलेस का तू?"

"मी? मला माझ्या बायकोचं ऐकू येत नाही."

"तेच सुख आहे तुझं," मी म्हटलं, पण हसू काही आलं नाही. नॉर्बनेही पन्नास वर्षं कानाशी बंदूक वाजवली आहे.

रूडीचा ट्रक फाटकापाशी उभा होता, काचेवर चार बोटं बर्फ. पुढे थोडं चालून गेलं की वाट तीन ठिकाणी फुटते. आठपासून बर्फ पडत होता, पावलाचा ठसा कुठेच नव्हता. प्रत्येक मचाणाला जाऊन यायला एकेक तास. चुकीचं मचाण निवडलं तर? मला तिथे उभं राहून थंडी मोजता येत होती. माझी बोटं हातमोज्यात दुखत होती, आणि तो पहाटे पाचपासून बाहेर होता.

मी बंदूक समोरच्या मातीच्या उंचवट्यात रोखली आणि एक बार काढला. आम्ही आलोय.

"उत्तर आलं तर आपण—" नॉर्ब सुरू झाला.

"गप्प बस!"

मी टोपी कानांवरून वर केली आणि श्वास धरला. दलदलीकडून काहीतरी वाजलं. एवढंसं, वाळकी काटकी मोडावी तसं. मग पुन्हा काही नाही.

"ऐकलंस?"

"काय?" नॉर्ब म्हणाला. "बर्फाने फांदी मोडली असेल."

असेलही. मी दुसरा बार काढला. थांबले. काहीच नाही. तिसरा काढला. काहीच नाही. तो रूडी असता तर पुन्हा नसता का वाजवला? मी त्या तीन वाटांकडे बघत राहिले आणि मला रडू फुटलं. नॉर्बने टेकडीची वाट दाखवली, आजचा वारा बघता तो तिथेच बसला असेल म्हणाला, आणि त्याचं म्हणणं शहाणपणाचंच होतं.

"मी दलदलीत जाते," मी म्हटलं. "तू टेकडीवर जा."

"एकटी?"

मी केव्हाच चालू लागले होते. अर्धा मैल असेल, पण दोनदा पडले, एकदा बर्फाखालच्या पाण्यात गुडघ्यापर्यंत गेले. फांदी मोडली की मी थांबायचे आणि वाटायचं, हीच होती, अशीच कुठलीतरी फांदी होती, आणि तो टेकडीवर मरतोय. देवाचं नाव घेत होते की पान्याला शिव्या देत होते, आठवत नाही.

मग झाडांमध्ये नारिंगी दिसलं.

शिडीची वरची पायरी तुटून लोंबत होती. रूडी खाली आडवा, एक पाय भलतीकडे वळलेला, छातीवर बर्फ साचलेला, मांडीवर बंदूक. मी त्याच्या डाव्या बाजूला बसले, तोंडावरचा बर्फ पुसला. ओठ निळे पडले होते. त्याने डोळे उघडले.

"बाबांची बंदूक," तो म्हणाला. "ओळखली मी."

मग मी तीन बार काढले, नॉर्बसाठी. खूप लांबून त्याने एक काढून उत्तर दिलं.

"तीन वेळा तीन काढले," रूडी पुटपुटत होता. "कोणी येईना. दहाच गोळ्या होत्या. शेवटची ठेवली. म्हटलं, कोणाचा बार आधी ऐकू येऊ दे." त्याने हात वर केला. बोटांची सालं निघाली होती, नखांत रक्त गोठलं होतं. "ही नळी सुटेना गं. किती केलं. गंजली वाटतं."

नवीकोरी होती. गंजायची कुठून.

गप्प राहता आलं असतं. माझा कोट त्याच्यावर घालत मी म्हटलं, "गंजली नाही, रूडी. मी आवळली. पान्याने."

तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. "काय म्हणतेस? या कानाने ऐकू येत नाही मला."

मी उठले, त्याच्या पायांना वळसा घालून उजव्या बाजूला गेले, बर्फात गुडघे टेकले आणि पुन्हा सांगितलं.